करंजवणच्या धावपट्टीवरची पाखरं

"वर घे, वर घे, वर घे!" अनीश ओरडत होता. विमानात बसलेल्या त्याच्या आईला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं, पण ओरडल्यावाचून त्याला राहवेना.

त्याची आई म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मामेबहिणीची, रुचाची, सुमेधाआत्या. तिचं दोन माणसांचं छोटं विमान धावपट्टीला टेकणार, एवढ्यात पूर्वेच्या टोकावरून पाखरांचा भलामोठा थवा उठला. पारवे, होले, साळुंक्या, चिमण्या, सगळी जातकुळी एकत्र. विमानाचं नाक वर झालं, इंजिनाचा आवाज चढला आणि विमान मुलांच्या डोक्यावरून पुन्हा आकाशात गेलं. रुचाने अनीशचा दंड इतका घट्ट धरला होता की त्यावर तिची बोटं उमटली.

दुसऱ्या खेपेला विमान नीट उतरलं. आत्या खाली उतरली, तिने हेल्मेटसारखे दिसणारे ते मोठे हेडफोन काढले आणि पत्र्याच्या शेडच्या पायरीवर बसून तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. आत्या घाबरली की बोलत नाही, हे रुचाला माहीत होतं.

रुचा नगरहून दर मे महिन्यात एसटीने इथे यायची. जामखेड ओलांडून खर्ड्याच्या बाजूला निघालं की करंजवण लागतं. या गावाला स्वतःची धावपट्टी आहे हे सांगितलं तर नगरच्या तिच्या मैत्रिणी हसायच्या. पण होती खरी. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी हौसेने बांधून घेतलेली. पुढे अध्यक्ष गेले, कारखाना विकला गेला आणि लग्नाच्या आहेरात आलेल्या नको असलेल्या भांड्यासारखी धावपट्टी नगरपालिकेच्या गळ्यात पडली. आता तिथे आत्या विमान चालवायला शिकवायची. विद्यार्थी पुण्याचे, जेमतेम. बाकी तिथे गवत होतं, ऊन होतं, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी होती. तिला अनीश 'वाऱ्याचा पायजमा' म्हणायचा.

"पुढच्या गुरुवारी मुंबईहून विमान खात्याचे साहेब तपासणीला येणार आहेत," आत्या शेवटी बोलली. "नगरपालिकेने लिहून दिलंय की ही धावपट्टी आता पाखरांमुळे धोक्याची झाली, बंद करून टाका. आजचं बघितलंत ना? खोटं कसं म्हणू मी?"

"मग?" रुचाने विचारलं.

"मग बंद होईल. धुळ्याचा फ्लाइंग क्लब मला बोलावतोय. जावं लागेल."

अनीशची शाळा, त्याचं क्रिकेट, सगळं इथेच होतं. आत्या धुळ्याला गेली म्हणजे रुचाची सुट्टी गेली, धावपट्टी गेली, आणि पंखाखाली सावलीत बसून शेंगा खाणंही गेलं.

"पण आई, ही पाखरं आधी नव्हती," अनीश म्हणाला. "दिवाळीत एक नव्हतं. खर्च परवडत नाही म्हणून बंद करायची पहिली नोटीस आली आणि मागोमाग ही आली."

रुचाने मान वर केली. "म्हणजे कोणीतरी आणली."

"पाखरं काय टेम्पोत घालून आणतात?" आत्या हसली. पण मुलं हसली नाहीत.

*

संशय घ्यायला गावात माणूस तयारच होता. धावपट्टीला लागून अजिनाथशेठने प्लॉट पाडले होते. धावपट्टी बंद झाली तर ती जागाही लिलावात निघणार आणि ती कोण घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसऱ्याच दिवशी मुलं त्याच्या साईटवर गेली. झाडाखाली त्याची जीप उभी होती आणि मागे पोतीच पोती. पाखरांचे दाणे असणार म्हणून अनीशने एका पोत्याच्या शिवणीत बोट घातलं. बोट पांढरंफटक झालं.

"चुना हाय तो," मागून आवाज आला. "प्लॉटच्या हद्दीला फक्की टाकायला. चाटू नको, जीभ भाजंल."

अजिनाथशेठ स्वतःच उभा होता. पळायचं म्हणून दोघांनी बाजूला पाहिलं, तर तिथे खोदलेला पाया. रुचाने मग सरळ विचारून टाकलं, "शेठ, धावपट्टीवर पाखरं तुम्ही आणताय का?"

अजिनाथशेठला राग यायला हवा होता. पण तो खुर्ची ओढून बसला आणि पोट धरून हसला. "कुनाची तू? सुमेधा मॅडमची भाची? अगं पोरी, मी कशाला काय करू? ही असली जागा बंद पडायला दुश्मन लागत न्हाई. कुनाला तिचं काई पडलेलं नसलं की झालं. मी नुसता थांबलोय."

"खरं सांगताय कशावरून?"

"आठाच्या आत मी उठत न्हाई. पाखरांचा टाइम कुठला असतो? पहाटंचा." त्याने दोघांना लिंबू सरबत पाजलं आणि वर रस्त्यापर्यंत सोडायला माणूस दिला. गुन्हेगार निघाला असता तर बरं झालं असतं, असं रुचाला परत येताना वाटलं. निदान कोणावर तरी रागावता आलं असतं.

"पहाटे कोण असतं तिथे?" तिने विचारलं.

"कोणी नाही. आई सातला जीप घेऊन पट्टीवर फेरी मारते, हॉर्न वाजवून पाखरं उडवते. त्याच्या आधीचं मला माहीत नाही. मी झोपलेला असतो."

"उद्या नाही झोपायचं."

*

लपायला जागा शोधत दोघं पूर्वेच्या टोकाला गेली, तर कुंपणापलीकडून सूं करत एक दगड आला आणि पारव्यांच्या घोळक्यात पडला. पाखरं उडाली. तारेपलीकडे रुचाच्याच वयाची एक मुलगी गोफण फिरवत उभी होती.

"ए, कोणाला लागेल ना," अनीश ओरडला.

"लागू दे. तुमचीच पाखरं हायती ना? आमची वाळत घातलेली बाजरी खात्यात. आजीनं मला राखणीला बसवलंय."

तिचं नाव सविता. कुंपणापलीकडच्या वस्तीत राहायची. वस्तीतली बहुतेक माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला कोल्हापूरकडे जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. सविताचे आईवडील आत्ताच आले होते.

रुचाने तिला सगळं सांगितलं. पाखरांचं, तपासणीचं, धुळ्याचं. तिला वाटलं, सविताला वाईट वाटेल.

"बंद झाली तर बरंच हुईल," सविता म्हणाली. "हितं फाटक हुतं. आमी टोकाकडनं सडकंला जायचो. तुमच्या त्या बचाववाल्यांनी कुलूप घातलं. म्हनं शोभत न्हाई. आता सगळी वस्ती नाल्यातनं जाती. माझी आजी दोनदा पडली."

बचाववाले म्हणजे धावपट्टी बचाव समिती, विष्णुपंतांची. विष्णुपंत निवृत्त मुख्याध्यापक, आणि सभासद त्यांच्याच वयाची मंडळी. गावात धावपट्टीच्या बाजूने बोलणारं दुसरं कोणी नव्हतंच. ती माणसं चांगली आहेत, असं आत्या नेहमी म्हणायची.

"पण पाखरं जायला हवीत ना तुलाही?" अनीशने विचारलं. व्यवहार त्याला लवकर कळायचा.

सविताने गोफण गुंडाळली. "ते हाय. उद्या या मग. त्या बाभळीमागं बसू. काटं लई हायती, चप्पल घालून या."

*

तांबडं फुटत होतं. बाभळीमागे तिघं उकिडवी बसली होती आणि अनीशला अगदी त्याच वेळी शिंक येत होती.

"नाक दाब," सविता कुजबुजली. "आली बग कुनीतरी."

पांढऱ्या टोप्या, पांढरे बूट, हातात काठ्या. रांगेत चालत, गप्पा मारत माणसं येत होती. टोप्यांवर लाल अक्षरात लिहिलं होतं: धावपट्टी बचाव. सर्वांत पुढे विष्णुपंत. ही मंडळी धावपट्टीवर फिरायला येतात एवढं रुचाला माहीत होतं, पण इतक्या पहाटे येतात हे नव्हतं. सपाट, वाहन नाही, कुत्रं नाही. असं फिरणं साऱ्या तालुक्यात मिळायचं नाही.

टोकाला आल्यावर मंडळी थांबली. प्रत्येकाने पिशवीतून ओंजळभर ज्वारी काढली. विष्णुपंतांनी डोळे मिटून काहीतरी म्हटलं, आणि सर्वांनी मिळून ती धावपट्टीवर उधळली. मग पुढे होऊन कडेच्या गवतातल्या मातीच्या पसरट भांड्यांत पाणीही ओतलं.

बाभळीवरून, तारांवरून, वस्तीच्या छपरांवरून पाखरं झेपावली. मंडळी कौतुकाने बघत उभी राहिली.

"आयला," अनीश म्हणाला. त्याला रुचाने एरवी चिमटा काढला असता. आज तिलाही दुसरा शब्द सुचला नाही.

*

"संकल्प आहे तो," विष्णुपंत शांतपणे म्हणाले. मुलं थेट त्यांच्या ओसरीवर जाऊन धडकली होती. "नोटीस आली त्या दिवशी समितीने ठरवलं. मुक्या जिवांना रोज दाणा-पाणी घालायचं. त्यांचे आशीर्वाद लागतील आणि धावपट्टी वाचेल."

"पण आजोबा, त्या पाखरांमुळेच ती बंद होतेय," रुचा म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"नगरपालिका. मुंबईचे साहेब. आत्यासुद्धा."

विष्णुपंतांनी चष्मा पुसला. "बाळ, आम्ही धावपट्टीच्या बाजूचे आहोत. आमच्या हातून तिचं नुकसान होईलच कसं? पाखरू हुशार असतं. विमान आलं की बाजूला होतं. आणि संकल्प मध्येच सोडला तर काय होतं, ठाऊक आहे?"

"काय हुतं?" सविताने मनापासून विचारलं.

"ते वेगळं सांगायला नको," विष्णुपंत म्हणाले, म्हणजे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर तिघंही कट्ट्यावर बसली. घरोघरचे आजोबा असेच असतात, त्यांना सांगून काही पटत नाही. दाखवावं लागतं. हे सुचलं अनीशला, पण मार्ग काढला रुचाने.

"त्यांना पाहणी करायला फार आवडतं," ती म्हणाली. "शाळेत वर्गावर्गांतून फिरायचे म्हणे. आपण त्यांना पाहणीला बोलवू."

आत्याला सगळं सांगितलं तेव्हा ती डोकं धरून बसली. "मी सातला उठून हॉर्न वाजवतेय, आणि माझीच माणसं सहाला त्यांना जेवायला घालताहेत," ती म्हणाली. "सकाळी आत यायला पुढच्या फाटकाची किल्लीसुद्धा मीच दिली त्यांना. कधी विचारलं नाही काय करता म्हणून."

दुसऱ्या दिवशी पहाटे ज्वारी टाकून झाल्याबरोबर आत्याची जीप विष्णुपंतांपुढे उभी राहिली. "साहेब यायच्या आत अध्यक्षांनी एकदा पट्टीची पाहणी करावी," रुचा अदबीने म्हणाली. विष्णुपंत पुढच्या सीटवर बसले, टोपी सारखी केली, पट्टा लावला. मुलं मागे.

आत्याने जीप पार पश्चिमेच्या टोकाला नेली, वळवली आणि वेग घेतला. वाऱ्याने विष्णुपंतांची टोपी उडायला लागली. समोर पाखरं दाणे टिपत होती, बाजूला समितीची मंडळी हात हलवत होती.

"हॉर्न वाजव," विष्णुपंत म्हणाले. आत्याने वाजवला.

पाखरं उठली. पण बाजूला झाली नाहीत. सगळी एकदम वर, समोर, इकडे, तिकडे. काचेवर धाडकन काहीतरी आदळलं, काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली आणि आत्याने करकचून ब्रेक दाबला.

जीप थांबली. बॉनेटवर एक पारवा पडला होता. विष्णुपंत खाली उतरले, त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. मान लटकत होती. मघाशी ज्या ओंजळीत ज्वारी होती त्याच ओंजळीत तो पारवा होता. रुचाला वाटलं होतं की आपली युक्ती फळली की आनंद होईल. तसं काही झालं नाही. तिला फार वाईट वाटलं.

"विमान किती जोरात असतं?" विष्णुपंतांनी खाली बघतच विचारलं.

"याच्या दुप्पट, काका," आत्या म्हणाली. "आणि पुढे पंखा फिरत असतो. आणि आत एखादा कोवळा विद्यार्थी."

विष्णुपंतांनी पारव्याला कुंपणाच्या कडेला स्वतः खड्डा करून पुरलं. मग समितीसमोर आले. "संकल्प ज्वारीचा आहे," ते म्हणाले, "जागेचा नाही. जागा बदलायची."

*

जागा सविताने सांगितली. वस्तीच्या पलीकडे पाझर तलाव होता. मे महिन्यात कोरडा, पण बांधावर कडुलिंबाची दाट झाडं.

"पर एकदम दाना बंद केला तर पाखरं हितंच शोधत बसत्यात," ती म्हणाली. "गुरांवानी हळूहळू न्यावं लागंल. रोज जरा पुढं टाकायचं. पानी आधी हलवा. आणि वस्तीजवळ आली की मी हाय, गोफण घेऊन."

"तलावाला जायचं कुठून?" विष्णुपंतांनी विचारलं. "नाल्यातून मला जमायचं नाही. गुडघा..."

सविता फाटकाकडे नुसती बघत राहिली. विष्णुपंतही बघत राहिले. मग त्यांनी खिशातून त्या कुलपाची किल्ली काढली. गंजलेलं कुलूप उघडायला तेल आणावं लागलं.

अशी समिती पहिल्यांदा वस्तीतून चालत गेली. पांढऱ्या बुटांना शेण लागलं. सविताचे वडील बिभीषण दारात कोयत्याला धार लावत बसले होते. त्यांनी राम राम केला, पाणी दिलं आणि मग मनातलं विचारलं.

"गुरुजी, रागावू नका. पर ही पट्टी आमच्या काय कामाची हाय? आमाला नुसती धूळ मिळती."

विष्णुपंतांनी घसा साफ केला. तालुक्याची शान, विमानयुग, प्रगती असं त्यांचं भाषण तयार होतं, सभेत टाळ्या घेणारं. ते दोन वाक्यांवर अडखळलं. बिभीषण ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

सोबत आलेल्या आत्याने वळून सविताकडे पाहिलं. "तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आजवर काहीच कामाची नव्हती. मी पुण्याची पोरं शिकवत बसले आणि कुंपणापलीकडे कोण राहतं ते बघितलं नाही. उसावर आता ड्रोनने फवारणी होते. ते चालवणारी माणसं कारखाने शोधत फिरतात. ते मी शिकवू शकते. इथल्या मुलामुलींना, फी न घेता. पण पट्टी राहिली तर."

"पोरींना बी?"

"पोरींना आधी."

बिभीषणांनी कोयता बाजूला ठेवला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. शेतकरी माणूस आभाळाकडे बघतो तसे ते आत्याकडे बघत राहिले.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. दाणे रोज पुढे सरकले, पाण्याची भांडी त्यांच्याही पुढे. एक दिवस पाखरं हटून परत आली आणि अनीशने पत्र्याचा डबा बडवून बडवून हात सुजवून घेतले. मग वस्तीतली पोरंही डबे घेऊन आली. त्यांना धावपट्टीचं काही नव्हतं, डबे बडवायला मिळतात म्हणून आली होती. बुधवारी संध्याकाळी तलावाच्या बांधावर नुसता कलकलाट होता आणि धावपट्टीवर एक टिटवी.

*

गुरुवारी मुंबईचे साहेब आले. गंभीर, सडपातळ गृहस्थ. दुर्बिणीने बघितलं, पायी फिरले, टिटवीपाशी थांबले. नगरपालिकेचे मुख्याधिकारी सोबत घाम पुसत होते. अजिनाथशेठही आला होता, आठ वाजून गेले होते म्हणून.

"पाखरांचा अहवाल मला पटत नाही," साहेब शेवटी म्हणाले. "इथे धोका दिसत नाही. पण मी दुसरं विचारतो. ही धावपट्टी हवी आहे कोणाला?"

समितीच्या टोप्या एकदम वर झाल्या. विष्णुपंत पुढे आले. रुचाने मनात म्हटलं, आता शान, आता विमानयुग.

"साहेब, आम्हाला ती फिरायला हवी होती," विष्णुपंत म्हणाले. "तोंडाने विमानांचं नाव घेत होतो. पाखरं आम्हीच आणली होती, पुण्य म्हणून. हे या तीन मुलांनी शोधून काढलं आणि पाखरं हलवलीही. आम्ही एवढे शिकलेले, पण धावपट्टी बुडवायला आम्हीच पुरेसे होतो. शाबासकी द्यायची तर यांना द्या." एवढं बोलून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. आयुष्यात त्यांनी विद्यार्थ्यांसमोर चूक कबूल केलेली कोणाला आठवत नव्हती.

साहेबांनी मुलांकडे पाहिलं. "छान. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही."

मुख्याधिकाऱ्यांनी फाईल बंद करायला घेतली. रुचाने आत्याकडे पाहिलं. आत्या विमानाच्या पंखावर हात ठेवून उभी होती, निरोप घ्यायला ठेवतात तसा.

"आमाला हवी हाय."

सगळे वळले. पूर्वेच्या टोकाकडून, कुंपणाच्या कडेकडेने वस्तीतली माणसं येत होती. बायका, म्हातारे, हातात डबे घेतलेली पोरं. पुढे बिभीषण. साहेबांसमोर येऊन त्यांनी हात जोडले नाहीत, नुसते उभे राहिले.

"गेल्या म्हयन्यात इचारलं असतं तर म्हनलो असतो, नांगर फिरवा," ते म्हणाले. "माझ्या आईनं कोयता धरला, मी धरला, माझ्या बायकुनं धरला. ह्या सवितानं बी पुढल्या सालापास्नं धरायचं ठरलं हुतं. मॅडम म्हनत्यात हिला मशीन उडवायला शिकवते. खरं असंल तर पट्टी ऱ्हाऊ द्या. खरं नसंल तर पुढल्या साली मीच येऊन सांगंन."

सविता वडिलांकडे बघत होती. कोयत्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, हे रुचाला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. सविताने रुचाचा हात धरला आणि सोडला नाही.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "एक वर्ष," ते मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले. "पुढच्या मे महिन्यात मी या गृहस्थांनाच विचारीन."

अजिनाथशेठ जीपकडे जाताना मुलांजवळ थांबला. "मी थांबतो अजून सालभर," तो म्हणाला. "माझं काय जातं?" पण जाताना त्याने अनीशच्या पाठीवर थाप मारली, चांगली जोरात.

आत्याने शेडमागे जाऊन धुळ्याला फोन लावला. "नाही, येत नाही," ती सांगत होती. "इथे एक वर्ग सुरू करायचाय... हो, इथेच. पोरं कुठून मिळणार? पोरं दारात उभी आहेत." फोन ठेवून ती तशीच भिंतीला टेकून रडली, आणि अनीशने तिला रडू दिलं.

रुचा आणि सविता बाहेर पायरीवर बसल्या होत्या.

"खरंच शिकवतील का गं?" सविताने विचारलं.

"शिकवेल. आत्या बोलली की करते."

"मला इंग्लिश येत न्हाई."

"मला गोफण येत नाही," रुचा म्हणाली. "तू मला शिकव, मी तुला शिकवते. सुट्टी संपायला अजून बरेच दिवस आहेत."